खानापूर-जांबोटी रस्त्यावरची रानभाजी: पाल्याला पाचात साडेचार गुण, कंदांना दोन

खानापूरहून जांबोटीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून मावश्या बसलेल्या दिसतात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, तेरं, करटोली; दिवाळीनंतर त्याच पोत्यावर करांदे, रानकंद आणि गुळवेलीच्या कांड्या. पालेभाजी इतकी ताजी की बेळगावच्या मंडईत तशी मिळत नाही. तक्रार एकच, पण मोठी: ज्यावरून ओळख पटते तोच भाग बऱ्याचदा आधीच कापून टाकलेला असतो.

टाकळ्याची जुडी आख्ख्या पानांची मागा. एका देठाला पानांच्या तीन जोड्या आणि पानाचं टोक गोल, तो टाकळा. चार ते सहा जोड्या आणि टोक निमुळतं असेल तर तो कासविंदा; त्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. टाकळासुद्धा वीतभर उंचीचा, फुलं येण्याआधीचाच घ्यावा. जून पाल्याने पोट ढाळतं.

तेरं-अळूची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. चिरताना हाताला तेल लावा, देठांची साल काढा, भरपूर पाण्यात चांगलं उकळून ते पाणी फेका आणि मग चिंचेच्या कोळात किंवा आमसुलात शिजवा. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी हा वाटा घेऊच नये.

आता कंद. करांदा वेलीवर हवेत लागतो, त्यामुळे त्याला माती किंवा मुळं चिकटलेली नसतात. आकार बटाट्यासारखा, अंगावर बारीक पुटकुळ्या. रानातला कडू असतो आणि त्यातली काही द्रव्यं यकृताला बाधतात. पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळा, पाणी दोनदा बदला, रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. सकाळी कणभर जिभेवर ठेवून कडू लागला तर सगळाच टाकून द्या, मसाल्यात दडवू नका. कडूपणा गेला तरी काविळीतून उठलेल्या माणसाला तो वाढू नये.

जमिनीतून खणलेल्या कंदांचे गुण आम्ही कापले ते कळलावी या विषारी वेलीमुळे. पावसाळ्यात ती सहज ओळखू येते: पानाचं टोक तारेसारखं वळलेलं, फूल पिवळ्यातून लाल होत जाणारं. पण थंडीत वेल सुकतो आणि मातीत उरतो तो बोटाएवढा जाड, दोन फाट्यांचा, काटकोनात वाकलेला कंद. सोलून तुकडे केले की तो खाण्याच्या कंदासारखाच पांढरा दिसतो. त्यात कोल्चिसिन हे विष असतं आणि शिजवल्याने ते जात नाही. खाल्ल्यावर दोन ते बारा तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. मध्ये जरा बरं वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड, यकृत, रक्त यांवर घाव बसतो. म्हणून उलट्या थांबल्या तरी घरी थांबू नका. १०८ला फोन करा आणि उरलेला कंद सोबत न्या. मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. सोललेला कंद कितीही स्वस्त असला तरी इथून घेऊ नये, हे आमचं ठाम मत.

गुळवेलीच्या कांड्याही पानांशिवाय विकतात. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते, पान हृदयाकृती आणि गुळगुळीत असतं. खोडभर दाट पुळ्या असतील तर ती दुसरी जात असू शकते, घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने अशाच सरमिसळीकडे बोट दाखवलं होतं.

विचारलं तर मावश्या पाना-वेलासकट माल आणून देतात, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. करटोलीला मात्र सकाळी लवकर जा, ती पहिल्यांदा संपते.