फेअरिंगची डागडुजी: एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

बोटीत पडून माझ्या मोटारसायकलची फेअरिंग (प्लास्टिकचं आवरण) तुटली, मग भाजली; ती मी दुरुस्त केली. आधी निकाल सांगतो. तुटलेला कान (पॅनल बोल्टने अडकवायचा आतला तुकडा) प्लास्टिक वेल्डिंगने पुन्हा उभा केला, तो पक्का आहे. आतून लावलेली अ‍ॅल्युमिनियमची हीट टेप कडेला थोडी सुटली, पण काम करते. बाहेरची पारदर्शक संरक्षक फिल्म (पीपीएफ) काठावर पास. डब्यातल्या स्प्रेने मारलेला रंग मात्र साफ वाया गेला. गाडी पूर्ण फेअरिंगची, वॉटर कूल्ड, दीडशे सीसीच्या वर्गातली. मॉडेलचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं अशा कुठल्याही गाडीला लागू पडतं.

माझं फिरणं गुहागर, शृंगारतळी, चिपळूण आणि खाडीपलीकडे दापोली. म्हणजे घाट, जांभ्याची लाल माती, खारा वारा आणि फेरीबोट. दाभोळची खाडी असो, जयगडची असो की आगरदांड्याची, बोटीत गाडी लावणाऱ्याला ठाऊक असतं की दोन हँडलांच्या मध्ये हात घालायलाही जागा उरत नाही. शिमग्याच्या गर्दीत बोट धक्क्याला टेकली, शेजारची स्कूटर कलली आणि साइड स्टँडवर डावीकडे झुकलेली माझी गाडी तिच्या रेट्याने उजवीकडे आडवी झाली. बोटीच्या तळाला घसरू नये म्हणून उठावाचा पत्रा असतो. त्याने उजव्या खालच्या पॅनलवर कानस फिरवल्यासारखे ओरखडे उमटले.

ओरखडे सगळ्यांना दिसले. न दिसलेली गोष्ट म्हणजे पॅनलचा आतला कान, ज्यातून बोल्ट जातो तो, मुळातून गेला होता. ज्या गॅरेजमध्ये गाडी दिली तिथे तो केबल टायने ओढून बसवला आणि बाहेरून कंपाउंड मारून चकाचक करून दिला. पॅनल जागेवर दिसत होता, पण खालची कड बेंड पाईपच्या (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) बाजूला सरकलेली होती. मे महिन्यात परशुराम घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगेत अडकल्यावर त्या कडेची चमक गेली, मग तिथे फुगवटा आला आणि शेवटी ती पाईपकडे ओघळली. घासलेलं आणि भाजलेलं अशी दोन वेगळी नुकसानं लोक मोजतात. माझ्या गाडीत पहिल्यातूनच दुसरं निघालं, आणि मेकॅनिक मंडळींशी बोलल्यावर कळलं की हे नेहमीचंच आहे.

फेअरिंग बहुतेक एबीएस प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास आपला ताठपणा सोडतं. कोकणातल्या उन्हात काळा पॅनल हाताला चटका देईल इतका तापेल, पण नुसत्या उन्हाने ओघळणार नाही. रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा पायाला नकोशी होते, पण प्लास्टिक वितळवणारी तीही नव्हे, कारण कूलंटच मुळात शंभरच्या आसपास राखलेलं असतं. इंजिनमधून निघणारा बेंड पाईप मात्र काही शे अंशांवर असतो. गाडी धावती असेल तर मधून वारा जातो आणि निभावतं. घाटात, फाटकाला किंवा गणपतीच्या गर्दीत मुंबई-गोवा हायवेवर वारा थांबतो. मग पाईप आणि पॅनलमधली मोकळी जागा हाच काय तो बचाव. कंपनीने ती जागा मोजून ठेवलेली असते. एक कान तुटला की ती जाते.

म्हणून गाडी पडल्यावर रंग नंतर बघा. समोर उकिडवे बसून डावा-उजवा पॅनल पाईपपासून सारख्या अंतरावर आहे का ते पाहा. आतल्या बाजूला बॅटरी मारा. भाजण्याची पहिली खूण आतच दिसते: खरखरीत पोत गुळगुळीत होतो, नाहीतर तपकिरी डाग पडतो. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुरुस्तीआधी प्लास्टिक कुठलं ते ओळखायला हवं. पॅनलच्या पाठीवर बारीक अक्षरांत एबीएस किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असा छाप असतो. छाप पुसला असेल तर तुटलेला कपचा विहिरीच्या पाण्यात टाका: पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. हे बघायलाच हवं, कारण एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, जोडायला सोपं असतं, तर पीपीला अ‍ॅसिटोन काही करत नाही आणि साधा गोंदही धरत नाही. माझा पॅनल एबीएसचा निघाला. ओघळलेला भाग आतून हीट गनने हळूहळू गरम करून, ओल्या फडक्याने दाबून बराचसा सरळ झाला. जिथे प्लास्टिक पातळ होऊन करपलं होतं तेवढं कापून काढलं. भंगारातल्या दुसऱ्या पॅनलचा तुकडा तिथे बसवला, चिरेवर आतून गरम स्टेपल टोचल्या आणि वरून एबीएसची काडी वितळवून भरली. कानही तसाच, भंगारातल्या तुकड्यातून घडवला.

कानाच्या मुळाशी फायबर (काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन) मारावा की नाही, हे विचारायला हर्णैला होड्यांचं फायबर काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी पॅनल वाकवून पाहिला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "होडी डुलते बाबा, ही थरथरते. मुळाशी मारून देतो, कडेला मागू नको." पॉलिस्टर रेझिनचा थर घट्ट आणि ताठ बसतो. पॅनलची कड मात्र लवचिक असते, त्यामुळे तिथे थर तडकून सुटतो. त्यांनी एबीएस नीट खरवडून फक्त कानाच्या पाठीमागे मॅटचे दोन थर दिले. पावसाळाभर खड्डे खाऊन तो भाग जसाच्या तसा आहे. शहरातल्या कुठल्याही डेंटरपेक्षा हे लोक फायबर जास्त समजून करतात, असं माझं मत झालं आहे.

बोल्टच्या बाबतीत दोन गोष्टी. खाऱ्या हवेत पॅनलचे साधे बोल्ट आणि क्लिपनट इतके गंजतात की पुढच्या वेळी उघडताना कानच तुटतो. मी स्टेनलेसचे घेतले, ग्रीस लावून बसवले आणि प्रत्येक ठिकाणी रबर बुश व आतली धातूची नळी परत घातली. नळी असली की बोल्ट घट्ट होतो, पण प्लास्टिक चिरडत नाही. दुसरं, बोल्ट सैल होऊ नये म्हणून वापरतात ते थ्रेडलॉक एबीएसजवळ नको, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात. पेट्रोलचंही तेच. आपल्याकडे चेन धुवायला सर्रास पेट्रोल मारतात आणि त्याचे थेंब फेअरिंगच्या पोटात साचतात.

हीट टेप म्हणजे काचेच्या कापडावर अ‍ॅल्युमिनियमचा थर. ती पाईपमधून येणारी झळ परत फेकते. पण मध्ये हवेची जागा असेल तरच. पाईपला टेकलेल्या पॅनलवर कितीही थर चढवा, उष्णता थेट आत जाईल. मी आधी वॉशर घालून पॅनल बोटभर बाहेर आणला, मग टेप लावली. जूनमध्ये परशुराम आणि भोस्ते घाटात रांगा लागल्या, ऑगस्टमध्ये गणपतीची गर्दी होती, तरी आतला पोत बदललेला नाही. खालची कड मात्र लाल चिखलाने उचलली गेली. चिखल टेपखाली शिरला की गोंद हरतो. आता कडेला उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची बारीक रेघ ओढली आहे, ती टिकते का ते पुढच्या पावसात कळेल.

बाहेरच्या ओरखड्यांपैकी वरच्या पारदर्शक थरात होते ते पॉलिशने गेले. प्लास्टिकपर्यंत उतरलेले वॉटर पेपर, लांबी (पुट्टी) आणि प्रायमरने भरले. उघडं एबीएस उन्हात ठेवू नका, ते पिवळं आणि ठिसूळ होतं. इथपर्यंत ठीक. पण रंग मी जुलैत मारला आणि दमट हवेत लॅकर स्प्रे पांढरट धुरकट होऊन बसला. वाळण्याच्या वेळी थंडावलेल्या थरावर हवेतली वाफ जमते, त्याचा हा परिणाम. पीपीएफ फिल्मने बारीक चरे खरोखर गिळले, उन्हात तापली की ते मिटतात. पण चाकाकडच्या कडेवर जांभ्याचे खडे आपटून ती फाटली. पाईपजवळच्या भागात फिल्म चिकटवण्यात अर्थच नाही, गोंद सुटतो. चिखल सुक्या फडक्याने पुसणं बंद करा, आधी पाण्याने सोडवा; निम्मे ओरखडे रस्त्यावर नव्हे, अंगणात गाडी पुसताना पडतात.

नवा पॅनल का नाही घेतला? कंपनीचा रंगीत पॅनल काही हजारांत जातो आणि आमच्याकडे मागवून घ्यावा लागतो. बाजारात नकली स्वस्त मिळतात. मी हातात घेऊन पाहिलेला पातळ होता आणि त्याची दोन भोकं जुळत नव्हती, म्हणजे पुन्हा ओढूनताणून बसवणं आणि पुन्हा तीच पाईपची जवळीक. ओघळलेला भाग हाताच्या पंजापेक्षा मोठा असेल, किंवा दोनपेक्षा जास्त कान गेले असतील, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका, नवाच घ्या.

बोटीत आता गाडी गिअरमध्ये ठेवतो, पुढचा ब्रेक रबरबँडने आवळतो आणि पलीकडे पोहोचेपर्यंत गाडीच्या उजव्या बाजूला उभा राहतो. डाव्या पॅनललाही टेप लावायची आहे. रंग खरवडून पुन्हा मारायचा तो डिसेंबरात, हवा कोरडी झाल्यावर, आणि या वेळी डब्याने नाही, चिपळूणच्या पेंटरकडे बूथमध्ये.