बिल दोन जोड्यांचं, बदलली एकच

जीपला मोठे टायर टाकताना सोबत क्राऊन-पिनियन (एक्सलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची जोडी) बदलून घेणाऱ्यांची एक फसवणूक अशी होते की ती महिनोन्‌महिने कळतच नाही. पैसे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलचे घेतले जातात, जोडी बदलली जाते फक्त मागची. रस्त्यावर गाडी टू-व्हीलमध्येच, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर चालते, त्यामुळे सगळं उत्तम वाटतं. पावसाळ्यात पहिल्यांदा फोर-व्हील टाकलं की मोडतोड सुरू होते. अशीच एक जुन्या बांधणीची, दोन्हीकडे सॉलिड एक्सलची जीप अलीकडे उघडली गेली. तिच्या मालकाला जे उशिरा कळलं ते इतरांना आधी कळावं, म्हणून हे लिहिलं आहे. गॅरेजचं नाव देत नाही, कारण ही पद्धत कुठल्या एका गॅरेजपुरती नाही.

या जीपला मूळ टायर २९ इंची होते आणि जोडी ४१/१०, म्हणजे क्राऊनला ४१ दात, पिनियनला १०, गुणोत्तर ४.१०. मालकाला ३३ इंची टायर हवे होते. हिशेब सोपा आहे: जुनं गुणोत्तर गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. ४.१० × ३३ ÷ २९ = ४.६७. या आकड्याच्या आसपास मिळणाऱ्या जोड्या दोन, ४१/९ (४.५६) आणि ३९/८ (४.८८). गाडी जास्त करून हायवेवर चालणार असेल तर ४.५६, घाट, चिखल आणि ओझं असेल तर ४.८८. पिनियनचे दात कमी झाले की पिनियनचं डोकं बारीक आणि नाजूक होतं, म्हणून उगाच मोठ्या आकड्याचं गुणोत्तर घेऊ नये. शिवाय ३३ छापलेला टायर हवा भरून, गाडीचं वजन पेलून उभा राहिला की बहुतेक वेळा ३३ भरत नाही. आधी टेप लावून मोजा, मग गुणोत्तर ठरवा. इथे ४.५६ ठरलं आणि ते बरोबरच ठरलं होतं. बिलावर लिहिलं होतं, ‘क्राऊन-पिनियन सेट ४.५६, नग २. बेअरिंग किट, नग २. मजुरी पुढे-मागे.’

गाडी हातात आल्यावर मालकाने तपासणी केली नाही असं नाही. त्याने मोबाईलच्या जीपीएसवर वेग ताडून पाहिला. अशा जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलकडे पाठवणारा डबा) चालतो. नुसते ३३ चे टायर टाकले असते तर खऱ्या ८० ला काटा ७० च्या आसपास थांबला असता. जोडी बदलल्यावर तो ७८ दाखवायला हवा आणि तेवढाच दाखवत होता. चढावर ओढही परत आली होती. पण या दोन्ही खुणा फक्त मागच्या एक्सलबद्दल सांगतात. पुढचा एक्सल टू-व्हीलमध्ये कामालाच नसतो आणि फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडवणारे) उघडे असतील तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंतचा दांडा, फिरतही नाही. जो भाग जागचा हलत नाही तो काय तक्रार करणार!

मागे ४.५६ आणि पुढे ४.१० असताना नेमकं काय होतं, ते समजून घ्या. अशा जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. फोर-व्हील टाकलं की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि सारख्याच वेगाने फिरतात. त्यातून मागची चाकं १०० मीटर गेली तर पुढच्या चाकांना १११ मीटर जायचं असतं. हे ११ मीटर कुठून तरी निघावे लागतात. चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर टायर घसरून ते निघतात, म्हणून शेतात गाडी चालवून पाहिली तरी दोष कळत नाही. कोरड्या कातळावर किंवा डांबरावर टायर घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये साठत जातो. या जीपमध्ये एका कातळी चढावर ‘टक्‌’ आवाज करून पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला भाग) गेला. त्याआधी दोन वेळा ट्रान्सफरचा दांडा फोर-व्हीलमधून बाहेर यायला तयार नव्हता, गाडी मागे-पुढे हलवून सोडवावा लागला होता. तेव्हा गॅरेजने सांगितलं, ‘नवीन काम आहे, बसायला वेळ लागतो.’ दांडा अडकणं हे नवीन कामाचं लक्षण मुळीच नाही. डांबरावर वळताना कोणतीही अशी जीप थोडी अडते, पण सरळ रेषेत, चारही टायर सारखे आणि सारख्या हवेचे असताना दांडा अडकला तर पुढची-मागची जोडी वेगळी आहे असंच धरून चाला.

पुढचं कव्हर उघडायला घेतलं तेव्हाच सगळं दिसलं. कव्हरच्या दहाही बोल्टांच्या डोक्यांवर जुना काळा रंग अखंड होता, पाना लागल्याची एकही चरा नाही. आत तेल मात्र ताजं, फिलर प्लगमधून बदललेलं. गाडी परत देताना गॅरेजने ‘जुना माल’ म्हणून पोत्यात बांधून एक क्राऊन आणि एक पिनियन दिला होता. दोन एक्सलचे दोन क्राऊन आणि दोन पिनियन, म्हणजे चार नग यायला हवे होते. पोतं तसंच घरात पडून राहिलं.

कव्हर न उघडताही तपासता येतं, अर्ध्या तासाचं काम आहे. गाडी सपाट जागी उभी करा. ट्रान्सफर टू-व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून दगड किंवा ठोकळे लावा. मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. विलीज धर्तीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर असतो. मागचं मोजताना तो सोडावा लागतो, आणि तो सोडला की गाडीला दुसरं काही धरून ठेवत नाही, म्हणून ठोकळ्यांबाबत हयगय नको. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक २० वेळा फिरवा, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजावेत. एकच चाक फिरत असल्यामुळे शाफ्ट निम्मा फिरतो, म्हणून ४.१० असेल तर ४१ फेरे, ४.५६ असेल तर साडेपंचेचाळीसच्या किंचित पुढे, ४.८८ असेल तर पावणेएकोणपन्नास. मग पुढचं एक चाक उचला, पुढचे दोन्ही हब लॉक करा आणि तेच पुन्हा. पुढचं मोजताना हँडब्रेक ओढलेला चालतो. लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) बसवलेला असेल तर त्या एक्सलची दोन्ही चाकं उचलून १० फेरे फिरवा, आकडे तेच येतील. दोन्ही एक्सलचा आकडा जुळला तरच उरलेले पैसे द्या.

दुसरी लबाडी याहून बारीक असते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोन्हींवर एकच जुळणी क्रमांक कोरलेला असतो. भंगारातला क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसऱ्या गाडीचा घेऊन ‘नवा सेट’ म्हणून बसवतात. दात बरोबर मोजले जातात, पण ॲक्सिलरेटर दाबला की ५०-६० च्या वेगाला हुंकार सुरू होतो. म्हणून बसवण्याआधी दोन्ही क्रमांकांचा फोटो घ्या. बसवल्यावर दातांवर निळा रंग लावून उमटलेल्या ठशाचाही फोटो मागा. ठसा दाताच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा मुळाशी नको. डाना ४४ या प्रकारच्या एक्सलला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी लागतो आणि तो डायल गेजनेच मोजायचा असतो. ‘हाताने हलवून अंदाज येतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. याच डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याहून कमी गुणोत्तराला एक कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) लागतो, ३.९२ आणि त्यापुढच्याला वेगळा. ३.७३ वरून ४.५६ ला जाताना कॅरिअरचा किंवा जाड क्राऊनचा खर्च सांगितला नसेल, तर मध्ये नेमकं काय घालणार आहात ते विचारा.

टायरच्या बाजूवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ते घासलेले असतील तर टायर जुना किंवा रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) समजून परत करा. ३३×१२.५ ला किमान साडेआठ इंच रुंदीची रिम लागते. सात इंची रिमवर तो चढवून देणारे आहेत, मग मधला भाग फुगतो आणि तिथेच झिजतो.

काहींना तर जोडी बदलायची गरजच नसते. सीजे-३बी या जुन्या जीपला मुळातच ४३/८, म्हणजे ५.३८ आहे. तिला ३१ चे टायर टाकले तरी प्रत्यक्षातलं गुणोत्तर पाचच्या आसपास राहतं. तिथे कुणी जोडी विकत असेल तर ती घेऊ नका.

गाडीत बदल करण्याबाबतच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही विचार आधी करा. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. ‘पासिंगचं आम्ही बघतो’ हे तोंडी आश्वासन तिथे उपयोगी पडत नाही.

फसवणूक झालीच असेल तर गाडी त्याच गॅरेजमध्ये परत नेण्याआधी फेरे मोजतानाचा सलग व्हिडिओ काढा, नंबर प्लेटपासून सुरू करून. कव्हर उघडण्याआधी बोल्टांचे फोटो घ्या. दुसऱ्या मेकॅनिककडून दातांची संख्या लेखी घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. या सगळ्यात ‘नग २’ लिहिलेलं पक्कं बिल आणि पोत्यातले जुने नग हाच सर्वांत मोठा पुरावा असतो. पोतं भंगारवाल्याला देऊ नका.