मर्कुर ३४ सी आणि इंदूरचं पाणी

पहिलाच सेफ्टी रेझर घेणाऱ्यानं मर्कुर ३४ सी घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र इंदुरात राहणाऱ्यानं पैसे भरण्याआधी आणखी एक गोष्ट बघून ठेवावी: बाथरूमच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं की बोरिंगचं. रेझर उत्तम, ब्लेड नवं कोरं, आणि तरीही दाढी झाल्यावर गळा हुळहुळत राहतो, अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक वेळा मगातल्या पाण्यात सापडतं. त्याकडे येऊच. आधी रेझर.

३४ सी जर्मनीतल्या झोलिंगेनचा. सुऱ्या, कात्र्या आणि वस्तऱ्यांसाठी हे शहर शतकानुशतकं नावाजलेलं आहे. याचं वजन सुमारे ७७ ग्रॅम आणि लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. फोटोत पाहून मागवणाऱ्याला तो हातात आल्यावर बुटका वाटतो. पण दांडा जाड आहे, त्यावर बारीक चौकटीच्या खाचा आहेत आणि साबणाच्या ओल्या बोटांतूनही तो निसटत नाही. दांडा आखूड असल्यामुळे वजन डोक्याजवळ राहतं, म्हणून हातानं दाबायची गरज पडत नाही. ज्यांचा पंजा मोठा आहे त्यांना मात्र करंगळी कुठे ठेवावी हे कळत नाही. त्यांनी लांब दांड्याचा प्रकार बघावा.

ब्लेडखालची पट्टी सरळ आहे, तिला दात नाहीत. पट्टी आणि धार यांच्यातली फट साधारण ०.७ मिलिमीटर. या फटीवर आणि धार किती बाहेर डोकावते यावर रेझरचा स्वभाव ठरतो. ३४ सी सौम्य आहे: कोन चार-पाच अंशांनी चुकला तरी लगेच कापत नाही. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. चार दिवसांची राठ दाढी असेल तर तो मंद चालतो, फटीत केस आणि फेस अडकतो आणि दर दोन हातांनंतर धुवावा लागतो. रोज किंवा एक दिवसाआड दाढी करणाऱ्यासाठी हा योग्य. आठवड्यातून एकदाच करणाऱ्याला दातेरी पट्टीचा रेझर जास्त मानवेल.

नव्यानं घेणारे अनेकजण फुलपाखरू पद्धतीच्या रेझरकडे वळतात, म्हणजे तळाची फिरकी फिरवली की वरची दोन झाकणं उघडतात तो. पार्कर ९९ आर हा त्यातला प्रसिद्ध. ब्लेड बदलायला फार सोपा, वजनदार, दिसायलाही देखणा. पण त्याच्या आत बिजागऱ्या आहेत, आणि बोरिंगच्या पाण्यात साबणाचा जो पांढरा चोथा होतो तो नेमका तिथेच जाऊन बसतो. काही महिन्यांत झाकणं घट्ट होतात, मग नीट मिटत नाहीत, आणि न मिटलेल्या झाकणाखालचं ब्लेड थरथरतं. नर्मदेचं पाणी असेल तर खुशाल घ्या. बोरिंगवर मी तो सुचवणार नाही.

राजवाड्याच्या आसपासच्या जनरल स्टोअर्समध्ये मिळणारे स्वस्त तीन तुकड्यांचे रेझर सरसकट वाईट नसतात. अडचण अशी की एकाच माळेतले दोन नग सारखे नसतात. दुकानातच ब्लेड बसवून दाखवायला सांगा आणि रेझर डोळ्यासमोर आडवा धरा. दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे आणि फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी असली पाहिजे. एका टोकाला जास्त उघडी असेल तर तो नग परत करा. असा रेझर एका गालावर गुळगुळीत चालतो आणि दुसऱ्यावर ओरखडतो.

ही तपासणी ३४ सीलाही लागू आहे. तळाची फिरकी उलटी फिरवली की ब्लेडवरची टोपी सुटून वर येते. ब्लेड कागदातून काढताना त्याच्या आखूड बाजू धरायच्या, धारेच्या लांब बाजू नाहीत. टोपी उलटी करून ब्लेडची मधली फट टोपीच्या खुंटीवर बसवायची, टोपी परत खोचायची आणि फिरकी आवळायची. इथे एक खुबी आहे. नुसती फिरकी आवळली तर ब्लेड केसभर तिरकं बसू शकतं, कारण टोपीला थोडी हालचाल असते. म्हणून आवळताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं टोपी दोन्ही आखूड टोकांकडून खाली दाबून धरावी आणि मगच शेवटचा पाव फेरा द्यावा. हातानं जेवढं सहज आवळलं जातं तेवढं पुरे. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला आटा पितळेएवढा चिवट नसतो. पकड लावून आवळणारे लोक टोपीच तोडून घेतात. फरशीवर पडला तरी तीच भीती.

ब्लेडची चिंता इंदुरात करायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या वस्तऱ्यात मोडून घातलेलं अर्धं ब्लेड हे याच दुधारी ब्लेडचं असतं, त्यामुळे ते गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळतं. सियागंजात घाऊक घेतलं तर शंभरचा खोका मिळतो: पाच-पाचच्या वीस डब्या. जिलेटचं सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन स्वोर्ड, सुपरमॅक्स ही नावं सर्वांच्या ओळखीची. किंग जिलेटला या रचनेचं पेटंट १९०४ साली मिळालं, आणि आजही कुठल्याही कंपनीचं दुधारी ब्लेड कुठल्याही दुधारी रेझरमध्ये बसतं. कार्ट्रिजच्या, म्हणजे दांड्यावर तयार डोकं लावायच्या रेझरच्या, जगात ही मोकळीक नाही; तिथे दांडा घेतला की त्याच कंपनीशी गाठ.

पण एकदम शंभरचा खोका उचलू नका. चार-पाच प्रकारांची एकेक डबी घ्या. ब्लेडची जाडी सगळीकडे ०.१ मिलिमीटरच असते. फरक असतो तो धार लावण्यात आणि धारेवरच्या मुलाम्यात. एकाच्या चेहऱ्यावर लोण्यासारखं चालणारं ब्लेड दुसऱ्याला टोचतं. जपानी फेदर सर्वांत धारदार म्हणून ओळखलं जातं, आणि त्याच कारणासाठी पहिल्या महिन्यात ते लावू नये. एक ब्लेड तीन ते पाच दाढ्या चालतं. ते संपल्याची खूण म्हणजे हनुवटीवर केस कापले न जाता ओढले जातात. ती ओढ जाणवली की त्या क्षणी बदला. पाच रुपयांच्या आतबाहेरच्या वस्तूसाठी गळ्याची कातडी पणाला लावण्यात काहीच अर्थ नाही.

आता पाणी. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी दाढीसाठी ठीक आहे. बोरिंगचं पाणी बहुतेक वसाहतींत जड असतं: बादलीला पांढरे वळ, गिझरच्या कॉइलवर खरपुडी, नळाच्या तोंडाशी चुना. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी संयोग पावतं आणि पाण्यात न विरघळणारा चोथा तयार होतो. म्हणजे ज्या साबणानं केस आणि धार यांच्यामध्ये निसरडा थर द्यायचा, तो साबण चोथा होऊन वाया जातो. फेस दिसायला भरपूर, पण दोन मिनिटांत बसतो आणि खाली कातडी कोरडी. वडीच्या साबणाला हा त्रास जास्त, ट्यूबमधल्या क्रीमला कमी, कारण अनेक क्रीममध्ये हे क्षार बांधून ठेवणारा घटक घातलेला असतो.

उपाय सोपा आहे. फेस करायला लागणारं पाणी अर्धा कपसुद्धा नसतं. तेवढं आरओचं किंवा नर्मदेचं भरून ठेवलेलं घ्या आणि गरम करा. ब्रश भिजवायला आणि फेस घोटायला तेच वापरा. चेहरा आणि रेझर धुवायला बोरिंग चालतं. आरओच्या सांडपाण्याची नळी मात्र या कामाला नको, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. आरओ नसेल तर एक लिटर पाण्यात लिंबूसत्त्वाची छोटी चिमूट टाका. जास्त टाकलं तर आम्लामुळे साबणच फाटतो, तेव्हा चिमूट म्हणजे खरोखरच चिमूट.

ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवून हलकाच झटका. वाटीत बदामाएवढं क्रीम घ्या. सुरुवातीला फेस निस्तेज आणि चिकट दिसतो. बोटं बुडवून तीन-चार थेंब, वीस सेकंद फेटणं, पुन्हा थेंब, असं चालू ठेवा. दीड मिनिटाच्या आसपास त्याला चकाकी येते आणि ब्रश उचलला की मऊ टोक उभं राहून वाकतं. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी एकदम पडलंय. आणखी फेटा किंवा किंचित क्रीम घाला. बहुतेक लोक उलटी चूक करतात: फेस घट्ट आणि कोरडा ठेवतात. तो गालावर उभा छान राहतो, पण रेझर त्यातून सरकत नाही, रखडतो.

दाढीची वाढ कोणत्या दिशेनं आहे हे दोन दिवसांचे खुंट असताना बोटांनी तपासा. जिकडून हात फिरवल्यावर मऊ लागतं ती सुलटी दिशा. गालावर ती बहुधा वरून खाली असते, पण गळ्यावर भरवसा नाही: कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना केस आडवे, तिरके, कधी भोवऱ्यासारखे वाढतात. गळ्यावर पुटकुळ्या येणाऱ्यांपैकी बरेच जण तिथे नकळत पहिलाच हात उलटा मारत असतात.

टोपी गालाला टेकवा, दांडा कातडीशी काटकोनात. आता दांडा हळूहळू खाली आणा. ज्या क्षणी धार केसाला लागल्याचा बारीक करकर आवाज येतो तिथे थांबा. ब्लेड आणि कातडी यांच्यात साधारण तीस अंश होतात. हाच कोन. दांडा त्याहून खाली झुकला की धार खरवडते आणि जळजळ होते. वर राहिला की केसच कापत नाही आणि माणूस जोर लावतो. जोर शून्य. कार्ट्रिजची मान फिरते म्हणून तिथे दाबायची सवय लागते, आणि पहिल्या आठवड्यातले सगळे काप त्या सवयीचे असतात. हात दोन-तीन सेंटिमीटरचाच मारा, मोकळ्या हातानं कातडी ताणून धरा, जबड्याच्या कडेवर कोन प्रत्येक हाताला नव्यानं जमवा. नाकाखाली वरचा ओठ दातांवर ओढून घ्या. तिथे ३४ सीचं डोकं लहान असल्याचा फायदा होतो.

पहिले दोन आठवडे एक सुलटा हात आणि एक आडवा, प्रत्येक वेळी नवा फेस लावून. उलटा हात नंतर, आणि तोही फक्त गालांवर. गळा तुळतुळीत करायचा हट्ट धरला की केस कातडीखाली कापले जातात आणि वाढताना आत वळतात. लग्नाला जायचं असलं तरी आदल्या दिवशी नवा प्रयोग नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये.

झाल्यावर गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी फिरवून अर्धा मिनिट थांबा, मग धुवा. जिथे चुरचुरतं तिथे जोर पडला किंवा फेस कोरडा होता. पुढच्या दाढीला तेवढी जागा सांभाळा. एप्रिल-मेच्या लूमध्ये तुरटी कातडी आणखी कोरडी करते, तेव्हा ती फक्त कापापुरती लावा आणि वर साधं मॉइश्चरायझर.

३४ सीचा खरा कच्चा दुवा म्हणजे दांडा. तो पोकळ आहे, फिरकीच्या आट्यापर्यंत साबणाचं पाणी जातं आणि बोरिंगवर तिथे चोथा साठतो. फिरकी करकर करू लागली की समजावं. आठवड्यातून एकदा टोपी काढून भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब आणि जुन्या टूथब्रशनं आतून घासा, दांडा उलटा ठेवून वाळवा. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वात रात्रभर बुडवून ठेवू नका: क्रोमला कुठे टवका उडाला असेल तर आम्ल खालच्या जस्ताला खातं आणि ते खड्डे बुजत नाहीत. रोज मात्र इतकंच: फिरकी अर्धा फेरा सैल करा, धुवा, झटका. धार टॉवेलनं पुसू नका.

किंमत चार आकडी आहे, आणि बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. विमानात ब्लेड केबिन बॅगेत चालत नाही. रेझर आणि ब्लेड दोन्ही चेक-इनमध्ये टाका. वापरलेली ब्लेडं झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा, भरला की चिकटपट्टीनं बंद करा आणि कचरा गाडीवर घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. सुक्या कचऱ्यात सुटं ब्लेड गेलं तर ते वेगळं करणाऱ्याच्या हाताला लागतं.