तिहुआना की कोयोल? कॅथेटरची लाइन अमेरिकेजवळ आणताना

अमेरिकेच्या टॅरिफमुळे (आयातशुल्कामुळे) वैद्यकीय उपकरणांची आशियातली उत्पादन लाइन अमेरिकेच्या जवळ आणायची ठरली की यादी आखडत आखडत बहुतेक वेळा दोन नावांवर येते: मेक्सिकोच्या सीमेवरचं तिहुआना आणि कोस्टा रिकात आलाहुएलाजवळचं कोयोल मुक्त व्यापार क्षेत्र. वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं मानक आयएसओ १३४८५ कोळून प्यालेली माणसं, तयार क्लीनरूम, कंत्राटी उत्पादक हे दोन्हीकडे मिळतं, त्यात वेळ घालवत नाही. पुढचं सगळं कॅथेटरसारख्या, हाताने जोडायच्या वस्तूंबद्दल आहे. ही निवड मी करून बसलो आहे, तेव्हा तराजू अगदी सरळ धरलाय असा दावा नाही.

२०२५ च्या नुसत्या शुल्काचं गणित मांडलं तर तिहुआना पुढे होतं. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के लागले आणि तीनच दिवसांत यूएसएमसीए या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार कराराच्या नियमांत बसणारा माल त्यातून वगळला गेला. कोस्टा रिकाशी २००९ पासून मुक्त व्यापार करार लागू असूनही तिथल्या मालावर एप्रिलमध्ये १० आणि ऑगस्टमध्ये १५ टक्के आले.

पण मेक्सिकोची सूट आपोआप पदरात पडत नाही. सीमाशुल्काच्या यादीत ९०१८ या शीर्षकाखाली येणाऱ्या बहुतेक वैद्यकीय उपकरणांवर अमेरिकेचं नेहमीचं शुल्क मुळातच शून्य, त्यामुळे उगमाचे (माल कुठे बनला याचे) कागद करायची अनेकांना कधी गरजच पडली नव्हती. आता नऊ बाबींचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यामागे भागयादीतल्या प्रत्येक ओळीचा कोड आणि उगम दाखवावा लागतो. घोडं अडतं ते बहुधा आशियातून अर्धवट जोडून आलेल्या भागापाशी. तो स्वतःच ९०१८ मध्ये मोडत असेल, तर तिहुआनात पुढची जोडणी करूनही शीर्षक बदलत नाही आणि सूट अडते. चिनी भाग असतील तर चिनी मालावरच्या जादा शुल्काची, म्हणजे कलम ३०१ ची, कसोटी वेगळी. तिथे यूएसएमसीएच्या प्रमाणपत्रावर भागत नाही.

शिवाय एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाच्या) दुसऱ्या, म्हणजे मध्यम जोखमीच्या, वर्गाचं साधं उपकरण असलं तरी लाइन हलवायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. पीएमए, म्हणजे जास्त जोखमीसाठीची पूर्वमंजुरी, असलेल्या उपकरणाला जागा बदलण्याचं १८० दिवसांचं सप्लिमेंट (पुरवणी अर्ज) लागतं ते वेगळं. कोस्टा रिकाचा दर चार महिन्यांत बदलला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून शुल्क लावू देणाऱ्या कलम २३२ खाली खुद्द वैद्यकीय उपकरणांचीच चौकशी सुरू झाली. आजच्या दरावर जागा निवडली तर पहिला लॉट निघेपर्यंत तो दर टिकेलच, असं मला तरी वाटत नाही.

वाहतुकीत तिहुआनाला तोड नाही. ट्रक ओटाय मेसाच्या सीमानाक्यावरून सॅन दिएगोत उतरतो, आणि लाइन अडली तर तिथला डिझाइन इंजिनिअर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो. कोयोलहून मोइन बंदर गाठायचं, नाहीतर सान होसेचं विमान.

आता ज्या गोष्टीवर माझ्यापुरता निकाल लागला ती. तिहुआनात ऑपरेटर टिकत नाहीत. पलीकडच्या कारखान्याने आठवड्याला थोडे पेसो जास्त दिले, नाहीतर बसचा थांबा घराजवळ दिला, की माणूस गेला. डिसेंबरात वर्षअखेरीचा बोनस, म्हणजे अगिनाल्दो, हातात पडतो आणि जानेवारीत लाइनवर अर्धे चेहरे नवे दिसतात.

पाकीटबंद करणाऱ्या लाइनला याचं फारसं काही नाही. तापमान, दाब आणि वेळ सीलर सांभाळतो. कॅथेटरच्या हबला (नळीच्या टोकाच्या जोडणीला) अतिनील दिव्याखाली घट्ट होणारा यूव्ही गोंद लावणारा हात मात्र असा बदलता येत नाही. गोंद जास्त झाला तर आत ओघळून नळीचं भोक अडवतो. कमी पडला तर ओढचाचणीत सांधा सुटतो: आयएसओ १०५५५-१ या कॅथेटरच्या मानकाप्रमाणे १.८५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड नळीला किमान १५ न्यूटन, त्याखाली १.१५ पर्यंत १० न्यूटन. सांधा सुटला की सगळे आधी दिव्यावर संशय घेतात आणि त्याची तीव्रता मोजायला रेडिओमीटर काढतात. दिवा ठीक निघतो. नळी हबमध्ये शेवटपर्यंत न बसवताच नवा माणूस दिव्याखाली धरत असतो.

नवी लाइन पारखण्याच्या शेवटच्या टप्प्याचे, म्हणजे पीक्यूचे, तीन लॉट सहसा जुन्या कारखान्यातून आलेल्या प्रशिक्षकांच्या नजरेखाली, निवडक ऑपरेटरांकडून काढले जातात. अहवाल देखणा येतो, पण ते हात सहा महिन्यांनी लाइनवर नसतात. प्रक्रिया कागदावर व्हॅलिडेटेडच (सिद्ध झालेली) असते आणि स्क्रॅप वाढत जातं. नजरतपासणीचंही तेच. चांगले, वाईट आणि काठावरचे मिळून तीसेक नमुने नव्या तपासनीसाला दोन-तीनदा दाखवायचे, त्याचे निकाल जुळतात का बघायचे, नोंद करायची. तो गेला की पुन्हा पहिल्यापासून. ऑडिटरने लॉटवरची सही आणि प्रशिक्षणाची तारीख शेजारी ठेवली की घाम फुटतो तो इथे.

कोयोलमध्येही कारखाने एकमेकांना खेटून आहेत आणि माणसं पळवली जातात, पण वेग बराच कमी. १९८७ मध्ये बॅक्स्टर आल्यापासून देशात हा धंदा मुरत गेला आहे, आणि राष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयएनएमधून, शिकून येणारा तरुण याकडे नोकरीपेक्षा करिअर म्हणून बघतो. निर्जंतुकीकरणाची सोयही आवारातच आहे. तिहुआनाचा पुष्कळ माल इथिलिन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करायला सीमेपलीकडे जातो. 'स्टराइल' छापलेला पण अजून निर्जंतुक न झालेला माल असा पाठवायचा तर निर्जंतुकीकरण करणाऱ्याशी लेखी करार आणि प्रत्येक पॅलेटवर तशी ठळक खूण लागते. खूण राहिली की माल गोदामात अडकतो.

कोयोल स्वस्त मात्र नाही. मजुरी मेक्सिकोपेक्षा जास्त, आणि २०२२ च्या मध्यापासून तिथलं चलन कोलोन डॉलरसमोर वधारल्याने ती आणखी बोचते. मोल्ड, म्हणजे प्लास्टिकचे भाग बनवायचा साचा, बिघडला तर दुरुस्तीची सोय तिहुआना-सॅन दिएगोइतकी हाताशी नाही. त्याच्या कोअर पिन आणि इजेक्टर पिनांचे दोन-दोन संच जवळ ठेवा. जुनी लाइन बंद करण्याआधी स्थलांतराचा काळ अधिक तीन महिने पुरेल इतका साठा करा आणि त्याची मुदत मोजा. नवं पाकीट असेल तर ५५ अंशांवर साधारण ४० दिवस म्हणजे एक वर्ष, या हिशोबाने वेगवर्धित चाचणी (उष्णतेत पाकीट लवकर जुनं करून बघण्याची) आधीच लावून ठेवा.

वस्तू यंत्रावर बनणारी असेल, किंवा सलाइन सेटसारखी आकाराने मोठी आणि किमतीने हलकी, तर तिहुआनाच घ्या, त्यात फार विचार नको. हातकाम जास्त असेल तर मी कोयोलकडे झुकेन, २०२५ चे ते १५ टक्के धरूनही.

निर्णयाआधी दोन्हीकडच्या उत्पादकांकडून एक कागद मागून बघा: जानेवारी-फेब्रुवारीत ऑपरेटर सोडून जाण्याचं प्रमाण, तेही पूर्ण कारखान्याचं नाही, तुमच्यासारखं काम चालणाऱ्या लाइनचं. आणि नव्या ऑपरेटरला सही करायचा अधिकार कितव्या दिवशी मिळतो, हेही त्यातच लिहून घ्या.