भाषांतराचे समन्वयन: थेट फाइल की वेबलेट?

अँड्रॉइडवरील मुक्तस्रोत अ‍ॅपचे भाषांतर स्वयंसेवकांकडून करून घ्यायचे, तर त्यातली वाक्ये साठवणारी एक्सएमएल फाइल गिटमधून (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) थेट बदलू देणे किंवा वेबलेटसारख्या भाषांतराच्या ऑनलाइन मंचावर काम सोपवणे, असे दोन मार्ग समोर असतात. पहिल्यात प्रत्येक बदल विकासकाच्या नजरेखालून जातो. पण भाषा उत्तम जाणणारा माणूस गिटच्या उंबरठ्यावरच अडखळतो, आणि फाइलमधला एखादा टॅग (वाक्याची सुरुवात-शेवट दाखवणारी कंसातली खूण) बंद करायचा राहिला की अ‍ॅपची बांधणीच थांबते. २०१२ साली सुरू झालेले, स्वतःही मुक्तस्रोत असलेले वेबलेट गिटशी जोडलेले असते: भाषांतरकार ब्राउझरमध्येच एकेक वाक्य भरतो, आणि आकडा किंवा नाव जिथे आपोआप बसायचे ती टक्केचिन्हाची खूण गळली, तर तिथल्या तिथे इशारा मिळतो. मुक्तस्रोत अँड्रॉइड अ‍ॅपचे भांडार असलेल्या एफ-ड्रॉइडचे भाषांतर याच मार्गाने चालते. संदर्भाची उणीव मात्र तेही आपोआप भरून काढत नाही. नुसता ‘ओपन’ हा शब्द पाहून ‘उघडा’ लिहावे की ‘उघडे आहे’, हे विकासकाने टीप किंवा पडद्याचे चित्र दिल्याखेरीज कसे कळणार? दोन-तीनच भाषा असतील तर थेट फाइल पुरते. त्यापुढे मी वेबलेटच निवडेन. फक्त नवख्याचे भाषांतर त्याच भाषेतील जुन्या सहकाऱ्याने वाचल्यावाचून आत घेणार नाही.