लष्करी अळीचा कामगंध सापळा, मक्यात वापरून

पाच सापळे आणि पाच ल्युर (सापळ्यात बसवायची वासाची गोळी) तालुक्याच्या एका कृषी सेवा केंद्रातून घेतले. सापळा साठ रुपये, ल्युर पंचवीस. आमचं रान सिल्लोड तालुक्यात, खरिपाचा मका एकरभर. दुकानदार म्हणाला, "ताई, हे लावा, फवारणीचं नावच काढू नका." ह्या बोलण्यावर कुणी घेणार असेल तर थांबा. अळीचा पुढे पतंग होतो; रबरी ल्युरला मादी पतंगाचा वास असतो, त्यामुळे सापळ्याच्या पिशवीत पडतात ते सगळे नर. माद्या रानात मोकळ्याच, आणि एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. सापळ्याने अळी मरत नाही.

तरी मी दरवर्षी घेणार. ही अळी २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी आपल्याकडेही आली, आणि तेव्हापासून मक्यात सगळा खेळ वेळेचा झालाय. अळी बारीक असते तेव्हा पान नुसतं खरवडल्यासारखं पांढरं दिसतं. तेवढ्यात गाठली तर निंबोळी अर्कानेही आवरते. एकदा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरली आणि वर भुशासारख्या विष्ठेचं बूच बसलं, की महागाचं औषधसुद्धा वरच्या वर राहतं. सापळा ही वेळ सांगतो. सल्ल्यात सापळ्यामागे ३ पतंग किंवा शंभरात ५ झाडं लागलेली दिसली की हालचाल करा असं आहे. पिशवीत पतंग वाढले की सासूबाई आणि मी ओळीने पानं उलटून बघतो. करड्या कापसाचा ठिपका दिसला की तो अंडीपुंज, तिथेच चिरडायचा. अळी लष्करीच आहे का ही शंका आली तर डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके बघा.

यंदा निंबोळी अर्क ५ टक्क्यांचा मारला. पुढे अळ्या दिसत राहिल्या तेव्हा इमामेक्टिन बेन्झोएट हे कीटकनाशक, दहा लिटर पाण्याला ४ ग्रॅम, एकदाच. नोझल थेट पोंग्यात धरून मारायला सांगितलं, तर दिरांचं म्हणणं, "असं मारलं तर दिवस जाईल." गेला दिवस! शेजारच्यांनी वरवर फवारलं आणि पंधरवड्यात पुन्हा पंप उचलला. त्यांचा मका आमच्यापेक्षा उशिराचा, त्यामुळे आमचा मका जून झाल्यावरही त्यांच्या कोवळ्या पानांवर पतंग येतच राहिले. एका शिवारात पेरणी मागेपुढे असली की सापळा काय करणार.

आता माल. झाकण आणि नरसाळं मजबूत आहे, उन्हाने तडकलं नाही. पिशवी मात्र अगदीच पातळ. पहिल्याच वाऱ्यात दोन फाटल्या, आणि पाऊस साचून पतंगांचा लगदा होतो, मग मोजायचं काय? आम्ही खाली दाभणाने भोकं पाडली. काठी संचात येत नाही. तुराटी वाकते, बांबूच लागतो, तोही लांब, कारण मका वाढेल तसा सापळा वर सरकवावा लागतो. तो पानांत बुडाला तर वास पसरत नाही. संचातल्या कागदावर ह्याचा एक शब्द नाही, नुसता हिरव्यागार कणसाचा फोटो.

ल्युर घेताना पाकिटावर "स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा" असं पूर्ण नाव बघा. नुसतं स्पोडोप्टेरा चालत नाही, तंबाखूवरच्या अळीचंही पहिलं नाव तेच आहे. आमच्या भावकीत एकाला कपाशीच्या बोंडअळीचा ल्युर बांधून दिला होता, आणि तो महिनाभर "आमच्याकडे अळीच नाही" म्हणून निवांत. कपाशीच्या ल्युरला लावलेला हात तसाच मक्याच्या ल्युरला लावू नका, वास मिसळतो.

रोज शेतात चक्कर होत नसेल, तर हे पैसे वाया. तुरा पडल्यावर घेण्यातही अर्थ नाही.

पाचपैकी साडेतीन. पिशवी जाड दिली तर चार देईन. आणि ल्युर महिन्याभराने बदलावा लागतो, तेव्हा जादाचे पाच सुरुवातीलाच घेऊन फ्रीजमध्ये ठेवा. ऑगस्टमध्ये आमच्या बाजारात ते शोधून मिळत नाहीत.