विमानाचे पार्ट: जॉबवर्क घ्यावं की अख्खा पार्ट?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या कितीतरी शेडमध्ये दोन-तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आहेत आणि हायड्रॉलिक, ट्रॅक्टरच्या कामावर हात बसलेला आहे. हत्तरगीला 2009 साली विमानाचे पार्ट बनवणाऱ्या एक्वस कंपनीचं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) सुरू झालं, तेव्हापासून विमानाचं काम आपल्या जिल्ह्यात आहे. ते घ्यायचं तर वाटा दोन: जॉबवर्क किंवा अख्खा पार्ट.

जॉबवर्कमध्ये माल आणि ड्रॉइंग काम देणाऱ्या कंपनीचं, पुष्कळदा प्रोग्रॅमही तिचाच. तुम्हाला मशीनच्या तासाचा किंवा नगाचा दर मिळतो. मालात भांडवल अडकत नाही, म्हणून लहान कारखान्याला हे परवडतं. पण दर देताना घाई नको. 7075 जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमधून ब्रॅकेट काढताना बहुतेक धातू चिप्स होऊन जातो आणि शेवटी दीड-दोन मिलिमीटरची भिंत उरते. एका बाजूनं सगळं काढलंत तर आतला ताण सुटतो; क्लॅम्प सोडला की पार्ट वाकलाच. दोन्ही बाजूंनी रफ करून, सोडून, पुन्हा पकडून फिनिश करावं लागतं. तो वेळ दरात धरा. कडेला बर (कापताना उरलेला धारदार कंगोरा) राहिली तर पुढे तिथूनच तडा सुरू होऊ शकतो, म्हणून ती काढायला, म्हणजे डिबरिंगला, वेगळा माणूस लागतो.

अख्खा पार्ट घेतला तर माल खरेदीपासून तपासणीपर्यंत सगळं तुमच्यावर. एएस 9100 हे विमान उद्योगातलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं. अ‍ॅनोडायझिंग (गंजरोधक थर देणं), पेनिट्रंट टेस्ट (रंगीत द्रवानं बारीक तडे शोधणं) ही कामं ग्राहकानं मान्य केलेल्या, सहसा नॅडकॅप (अशा खास प्रक्रियांची मान्यता) असलेल्या ठिकाणीच द्यावी लागतात. ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे नाही. पहिल्या नगाला ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला नंबर देऊन समोर मोजलेलं माप लिहायचं, आणि मालाचा हीट नंबर (धातू कोणत्या ओतीचा ते सांगणारा) शेवटच्या पेटीपर्यंत जपायचा. मंजुरी मिळेपर्यंत पैसा आत जातच राहतो. मिळाली की मात्र भाव तुम्ही बोलता, आणि एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहावं लागत नाही.

आपल्याकडे खरी अडचण येते ती सवयीची. ऑटोच्या कामात चांगला ऑपरेटर आवाज ऐकून फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) बदलतो, ऑपरेशनचा क्रम फिरवतो, आणि त्याचं कौतुक होतं. इथे मंजूर झालेली पद्धत न विचारता बदलली तर माप बरोबर असूनही लॉट अडकतो. आपली पोरं हुशार आहेत, हे काम त्यांना नक्की जमेल. पण आधी लिहून ठेवायची सवय लावायला हवी.

माझं मत स्पष्ट आहे. सीएमएम (पार्टची मापं अचूक मोजणारं मशीन) नाही, क्वालिटीला स्वतंत्र माणूस नाही, तर एकाच प्रकारच्या पार्टचं जॉबवर्क घ्या आणि नोंदी मात्र पहिल्या दिवसापासून 9100 च्या शिस्तीनं ठेवा. दोन्ही असतील आणि वर्षभर थांबायची ऐपत असेल, तर बुश, पिन, लहान ब्रॅकेट असे अख्खे पार्ट मागा. फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीनसाठी आत्ताच कर्ज नको.

कुठलीही वाट धरलीत तरी सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: नग रिजेक्ट झाला तर मालाची किंमत कोणाच्या माथी, गेज (माप तपासायचं साधन) आणि फिक्स्चर (पार्ट पकडायची जोडणी) कोणाचं, आणि पहिल्या नगाच्या तपासणीचे पैसे कोण देणार. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर 45 दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा कायदा तुमच्या बाजूनं आहे. ती मुदतही करारातच लिहून घ्या.